निळा चिमटा

१ जानेवारी २०२५, बुधवार

नवी वही. दुकानदार नेहमीची दाट ओळींची देत होता, ती परत केली आणि रुंद ओळींची घेतली. हल्ली कागदवाले ओळी उगाच खेटून छापतात.

पहिल्या पानावर नाव, गाव, हुद्दा लिहायची माझी रीत आहे. वीरभद्र, सगळ्यांचा आप्पा, वय एक्कावन्न. मूळ निलंगा तालुका, सव्वीस वर्षांपासून नांदेड. आमच्या संस्थेच्या रुग्णालयात औषध विभागात भरणीवर. भरणी म्हणजे वॉर्डातून मागणीचा कागद आला की त्याबरहुकूम ट्रेमध्ये औषधं लावून देणं. फार्मसीची पदविका माझ्याकडे नाही. दहावी झाली आणि शाळा सुटली. खोकी उतरवायला लागलो, खोक्यांवरची नावं वहीत उतरवून उतरवून इंग्रजी शिकलो, मग औषधं शिकलो. आज आमच्याकडे चारशे बारा औषधं आहेत. कोणतं कुठल्या फळीवर कितवं, हे डोळे मिटून सांगतो.

ट्रे वॉर्डात जाण्याआधी पदविकेवाल्या फार्मासिस्टनं तो उघडून तपासायचा आणि सही करायची, असा नियम आहे. माझा ट्रे उघडत नाहीत, नुसती सही करतात. हे कुठल्या कागदावर नाही. सतरा वर्षांमागं तेव्हाचे मोठे फार्मासिस्ट म्हणाले होते, आप्पाचा ट्रे उघडणं म्हणजे आप्पाच्या तोंडात बोट घालून दात मोजणं. तेव्हापासून तेच चालू आहे. शिल्पा नवी आली तेव्हा तिनं एकदा उघडला होता. शहेबाजनं तिला बाजूला घेऊन समजावलं. दोघंही पदविकेवाले, पण पोरं समजूतदार आहेत.

परवा वेळअमावस्येला भावाच्या शेतात होतो. कडब्याच्या कोपीपुढं बसून भज्जी-आंबील झालं. पुतणी म्हणाली, "आप्पा, तुमी सगळ्यांकडं डोळे बारीक करून का बघायलाव?" ऊन होतं, दुसरं काय.

आज बोर्डावर नोटीस लागली. शहेबाजनं वाचून दाखवली, कारण बोर्डावरची ट्यूब गेलेली आहे. प्रत्येक विभागातल्या माणसांनीच आपला गट करायचा, कामातल्या अडचणी आपणच शोधायच्या, काम चोख आणि वेगानं कसं होईल ते आपणच ठरवायचं. इथपर्यंत ठीक. खाली आणखी एक कलम आहे. एक एप्रिलपासून बिनपदविकेची माणसं भरणीवर ठेवायची ती फक्त चुकांचा तक्ता साफ असलेल्या विभागात. बाकीच्यांना गोदाम.

आमच्या विभागात बिनपदविकेचा माणूस एकच आहे.


४ जानेवारी, शनिवार

गटाची पहिली बैठक. लातूरच्या आमच्या दुसऱ्या रुग्णालयातून सुकन्या मॅडम आल्या. त्या गुणवत्तेचं बघतात. मला वाटलं भाषण देतील. त्यांनी चहा मागवला, खोक्यावरच बसल्या आणि म्हणाल्या, "इथं काम करताना तुम्हाला काय नडतं, तेवढं सांगा."

शहेबाज म्हणाला, "मॅडम, पैले तर हा पंखा." सगळे हसले. मॅडमनी पंखा लिहून घेतला. मग ट्रे वर नेणाऱ्या बेगमबीला विचारलं. ती म्हणाली, "मेरकू क्या मालूम, मैं तो ट्रे लेके जाती. पन लिफ्ट के सामने खडे खडे पाँव दुखते." मॅडमनी तेही लिहिलं. बेगमबीचं बोलणं कुणी कागदावर लिहून घेतलेलं मी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. बेगमबीनंही पाहिलं. पदर सारखा करून बसली.

गटप्रमुख शिल्पाला केलं, कारण माहिती कॉम्प्युटरवर भरायची आहे. मला वाईट वाटलं नाही. नोंद असावी म्हणून लिहितो, वाईट वाटलं नाही.

माझ्याकडं वेळ मोजायचं काम आलं. मागणीचा कागद खिडकीत आल्यापासून ट्रे वॉर्डात पोचेपर्यंत. हे काम मलाच जमणार, बाकीच्यांना पाच मिनिटं आणि सात मिनिटं सारखीच वाटतात. त्यासाठी मोठ्या तबकडीचं घड्याळ घेतलं.


८ जानेवारी, बुधवार

चार दिवस मोजलं. एकशे अठरा ट्रे. सरासरी एकोणीस मिनिटं. मॅडम फोनवर म्हणाल्या, "आप्पा, इतकं नेटकं मोजमाप मला लातुरात कुणी दिलं नाही." शिल्पानं फोनचा आवाज मोठा करून सगळ्यांना ऐकवलं.

दुसरं काम मात्र मला पटलेलं नाही. चूक पेटी. रोग्यापर्यंत पोचायच्या आधी सापडलेली चूक कुणीही गुलाबी चिठ्ठीवर लिहायची आणि पेटीत टाकायची. वॉर्डातल्या सिस्टरनं, आपल्यातल्या कुणी, कुणीही. नाव लिहायचं नाही, शिक्षा नाही. सलाईनच्या खोक्याला तोंड पाडून पेटी केली. शहेबाजनं आत एक रुपया टाकला आणि हात जोडले.

मी म्हणालो, नाव नसलेल्या कागदाला आमच्याकडं निनावी पत्र म्हणतात. शिल्पा म्हणाली, "आप्पा, कोण चुकलं ते नाही बघायचं. कुठं चुकतंय ते बघायचंय."

हे पुस्तकातलं वाक्य आहे. चूक आपोआप होत नाही, ती कुणीतरी करतो. पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या करदोड्याला बांधली. एवढं तरी माझ्याकडं असावं.


१६ जानेवारी, गुरुवार

पेटी उघडली. आठ दिवसांत चौदा चिठ्ठ्या. मला वाटलं होतं दोन निघतील.

सिस्टर लोकांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, म्हणून शिल्पाला वाचायला लावलं आणि मी तक्ता भरत गेलो. चौथ्या का पाचव्या चिठ्ठीला तिचा आवाज बसला. पाणी पी म्हणालो. ती चिठ्ठी बिलोलीच्या एका आजीची होती. रक्त पातळ ठेवायची गोळी, एक एमजीची मागणी, ट्रेमध्ये पाच एमजी. या पट्ट्या दोन्हीकडून पत्र्यानं बंद असतात, फोडल्याशिवाय गोळी दिसत नाही. सिस्टरनं पट्टी फोडली, तर आजीच म्हणाली, "ही माझी गोळी न्हाई बाई, माझ्या गोळीचा रंग येगळा हाय." अंगठा उठवणारी बाई. तिनं स्वतःला वाचवलं.

मी शिल्पाला म्हणालो, हा ज्याचा कुणाचा ट्रे असेल त्याला औषध विभागात उभं राहायचा हक्क नाही. तिनं पुढची चिठ्ठी उचलली. बेगमबी दारात होती, ती म्हणाली, "लई बोलू नका आप्पा," आणि ट्रे न घेताच गेली. मग परत आली आणि ट्रे घेऊन गेली.


१७ जानेवारी, शुक्रवार

जीव थाऱ्यावर नाही. तक्ता तीनदा उतरवून काढला.


२० जानेवारी, सोमवार

सापडलं. म्हणजे माणूस नाही, पण माणसाची जात सापडली.

चौदापैकी अकरा चिठ्ठ्यांत औषधाचं नाव बरोबर आहे, एमजी चुकला आहे. पंचवीसच्या जागी पन्नास. चाळीसच्या जागी ऐंशी. आता विचार केला पाहिजे. नवखा माणूस नावात चुकतो, कारण नावं एकासारखी एक असतात. इथं नावाची चूक जवळजवळ नाही. फळी बरोबर, खण बरोबर, कंपनी बरोबर, फक्त आकडा चूक. म्हणजे चुकणारा अडाणी नाही. तो औषधाला चांगला ओळखतो, इतका की पट्टी वाचायचे कष्ट घेत नाही. फाजील विश्वासाचा माणूस.

हे मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. नुसत्या तक्त्यावरून काढलं. पदविकावाल्यांनी काढून दाखवावं.

शहेबाज अजून कधीकधी नावात अडखळतो, म्हणून तो नाही. शिल्पाचं लग्न मे महिन्यात ठरलंय. फोन सारखा वाजतो. मला आवडत नाही असं लिहायला, पण वही खोटी लिहायची नसते.

बैठकीत मी उपाय मांडला. बायकोनं, उज्वलानं, दोरीवर कपडे वाळत घालायला रंगीत चिमटे आणले आहेत, त्यावरून सुचलं. जो ट्रे भरेल त्यानं आपला चिमटा लावायचा. शहेबाज लाल, शिल्पा पिवळा, मी निळा. चिठ्ठीवर माणसाचं नाव नको तर नको, चिमट्याचा रंग लिहायचा. मॅडमना फार आवडलं. शिल्पा म्हणाली, "आप्पा, थोडं थांबून करू या का?" मी म्हणालो, ज्याला भीती नाही त्याला थांबायचं काय कारण?

बेगमबी म्हणाली, "कपडों के चिमटे कपडों कू अच्छे, आप्पा. रहने दो." तिला वाटलं तिला आणखी एक काम लागलं.


२४ जानेवारी, शुक्रवार

स्टोअरमधून दोन नव्या ट्यूब मागवून भरणीच्या ओट्यावर लावून घेतल्या. नव्या ट्यूबही जुन्यासारख्याच. हल्ली वस्तूंमध्ये जीव राहिला नाही. उज्वला स्कूटर चालवू देत नाही. म्हणते, चालणं तब्येतीला बरं. तरोड्याच्या घरापासून चालत येतो, पंचवीस मिनिटं लागतात.


२७ जानेवारी, सोमवार

काल झेंडावंदन झालं. आज पेटी उघडली. रिकामी. एकही चिठ्ठी नाही, फक्त शहेबाजचा रुपया.

चिमटे लागले आणि चुका संपल्या. मी उभा राहून सगळ्यांना म्हणालो, बघा, रंग दिसायला लागला की हात आपोआप सरळ होतो. शिल्पाकडं मुद्दाम पाहिलं नाही. सुधारली आहे तर कशाला टोचा.

शहेबाज म्हणाला, "आप्पा, तुमी तर पोलिसात पायजे होता." सगळे हसले. थोडे कमी हसले असं मला वाटलं.


३ फेब्रुवारी, सोमवार

दुसराही आठवडा शून्य. मॅडमचा फोन आला. पंधरा तारखेला लातूरला संस्थेच्या सगळ्या गटांचा मेळावा आहे. आमचा गट निवडला गेलाय. चिमट्याची कल्पना मी स्वतः मांडायची आहे, समोर संस्थेचे विश्वस्त असतील. मॅडम म्हणाल्या, "हा शून्य टिकला तर एप्रिलची काळजी करू नका, आप्पा."

उज्वलाला सांगितलं. ती तवा उतरवून म्हणाली, "बरं झालं." मग म्हणाली, "एकदा डोळे दाखवून घ्या की जायच्या आधी." हिचं भलतंच. माणूस भाषणाला चाललाय का नेत्रशिबिराला?

आनंद पुरता बसू दिला नाही घड्याळानं. मेळाव्यासाठी वेळ पुन्हा मोजला, तर सरासरी सव्वीस मिनिटं. एकोणिसाचे सव्वीस. चूक गेली आणि सात मिनिटं आली. माणसं तीच, फळ्या त्याच, आता तर पंखाही चालू आहे. कुठं गेली सात मिनिटं?


५ फेब्रुवारी, बुधवार

भरायला पूर्वीइतकाच वेळ लागतो. पोचवायला उलट एक मिनिट कमी, कारण मॅडमनी बेगमबीला वेगळी लिफ्ट मिळवून दिली. मधेच कुठंतरी गळती आहे. भिंतीत ओल दिसावी आणि नळ सापडू नये, तसं झालंय.


८ फेब्रुवारी, शनिवार

नळ सापडला.

सह्यांच्या टेबलावर ट्रे किती वेळ थांबतो ते मोजलं. तीन दिवस, कुणाला न सांगता, गॉजच्या खोक्यांमागं उभा राहून. लाल ट्रे दोन मिनिटं. पिवळा ट्रे दोन मिनिटं. निळा ट्रे अकरा मिनिटं, एकदा चौदा.

निळे ट्रे उघडले जातात. एकेक पट्टी उचलून, खिडकीकडं धरून, कागदाशी ताडून. शिल्पा स्वतः करते. मी जेवायला गेलो की शहेबाज करतो. सतरा वर्षांत माझा ट्रे कुणी उघडला नाही आणि ही पोरगी माझ्या पाठीमागं माझे दात मोजते.

का, ते उघड आहे. स्वतःच्या चुका पकडल्या गेल्या, त्याचा सूड उगवायला माझ्या ट्रेमध्ये काहीतरी सापडावं म्हणून धडपड चालली आहे. सोमवारी विचारणार, सगळ्यांसमोर.


११ फेब्रुवारी, मंगळवार

कालचं आज लिहितो. काल लिहिणं झालं नाही.

काल दुपारी अडीचला खिडकीवर गर्दी नव्हती. शिल्पाच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो. शहेबाज होता, बेगमबी होती. मी म्हणालो, "माझा ट्रे उघडतेस?"

ती म्हणाली, "हाव, आप्पा."

"कधीपासून?"

"त्या बिलोलीच्या आजीपासून."

"आणि काय सापडलं?"

ती शहेबाजकडं बघायला लागली. शहेबाज म्हणाला, "जाऊ द्या ना आप्पा, चहा सांगू का?" मी म्हणालो, तू मधे पडू नको. मग तिनं ॲप्रनच्या खिशातून घडी घातलेल्या गुलाबी चिठ्ठ्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. नऊ. म्हणाली, "नियम आहे म्हणून लिहिल्या. पेटीत टाकायला हात झाला नाही. किल्ली तुमच्याकडं असती."

मी वरची चिठ्ठी उचलली. तिचं अक्षर बारीक आहे. हात लांब केला, जवळ आणला, ट्यूबखाली गेलो. गुलाबी कागदावर निळी घाण दिसत होती, अक्षर नाही. तिघं माझ्याकडं बघत होते. शिल्पा म्हणाली, "मी वाचू का आप्पा?" मला वाटतं यापेक्षा तिनं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

चिठ्ठ्या खिशात घातल्या आणि म्हणालो, माझं डोकं दुखतंय.

बेगमबी जिन्यापर्यंत मागं आली. म्हणाली, "आप्पा, मेरा मरद भी ऐसाच था. आखिर तक बोलता था, बत्ती मंदी है."

घरी उज्वला तांदूळ निवडत होती. चिठ्ठ्या तिच्यापुढं ठेवल्या आणि म्हणालो, वाच. तिला औषधांची नावं येत नाहीत, अडखळत वाचलं. पंचवीसऐवजी पन्नास, निळा. एकऐवजी दोन, निळा. चाळीसऐवजी ऐंशी, निळा. नऊ वेळा निळा म्हणाली. मग चिठ्ठ्या एकावर एक रचून म्हणाली, "दिवाळीपासून बघायलेय मी. कुलपाच्या भोकात किल्ली जात न्हाई तुमची, बोटानं भोक शोधताव. म्हणून तर स्कूटर काढू दिली न्हाई."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. तुमी ट्यूब बदलली."


१२ फेब्रुवारी, बुधवार

रजा टाकली. वीस जानेवारीचं पान पुन्हा वाचायचा प्रयत्न केला. माझं अक्षर मोठं आहे म्हणून वाचता आलं. "फाजील विश्वासाचा माणूस." निदान बरोबर होतं, फक्त रोगी ओळखला नाही.

बिलोलीची आजी डोळ्यांपुढून हलत नाही. मी तिला पाहिलेलंसुद्धा नाही. एकऐवजी पाच. आठ दिवस घेतली असती तर काय झालं असतं, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. मीच पोरांना शिकवलंय.

राजीनामा लिहायला बसलो. तीन ओळी लिहिल्या. ओळीवर ओळ चढली, कागद फाडला.


१३ फेब्रुवारी, गुरुवार

कामावर गेलो. कुणी काही विचारलं नाही. त्याचाही राग आला.

शिल्पाला बाजूला बोलावून म्हणालो, परवा मेळाव्यात पडद्यावर जो शून्य दाखवायचाय तो काढ, नऊ लिही. ती म्हणाली, "आप्पा, एक एप्रिल होऊन जाऊ द्या. शून्य राहू द्या. तुम्ही भरा, मी उघडते. रोग्यापर्यंत काही जात नाही ना? सात मिनिटं जास्त लागली तर लागू द्या." म्हणाली, "तुम्ही गोदामात गेलात तर इथं कुणाला विचारायचं? मला अजून अर्ध्या फळ्या सापडत नाहीत."

मी हो म्हणालो.

पुन्हा लिहितो, म्हणजे नंतर नाकारता येणार नाही. मी हो म्हणालो.


१६ फेब्रुवारी, रविवार

काल लातूर. सकाळच्या बसनं चौघं गेलो. लोह्याला उतरून चहा घेतला, अहमदपूरला बेगमबीला बस लागली, चाकूरला शहेबाजनं तिच्यासाठी लिंबू आणलं. कुणी कामाचं बोललं नाही.

सभागृहात दोनशे माणसं असतील. आमच्याआधी लातूरच्या स्वयंपाकघराचा गट झाला, मग आम्ही. मी चिमट्यांचं सांगितलं. हातात कागद होता, तो दाखवण्यापुरता. चिमटे हातात धरून दाखवले तेव्हा लोक हसले आणि टाळ्या वाजवल्या. पडद्यावर मोठा शून्य होता. तेवढा मला दिसत होता.

मग प्रश्न झाले. पुढच्या रांगेतले एक विश्वस्त म्हणाले, "चूक शून्य, उत्तम. पण एकोणिसाचे सव्वीस झाले. रोग्याला औषध सात मिनिटं उशिरा. असं का?"

हा प्रश्न येणार, हे मला कळायला हवं होतं. आकडा मीच दिला होता.

शिल्पा उठली. म्हणाली, "सर, तपासणीच्या टेबलावर वेळ जातो. तिथं मी असते. मी जरा हळू आहे."

"मग वेगवान माणूस ठेवा टेबलावर," ते म्हणाले. कुणीतरी हसलं. सुकन्या मॅडम लिहून घ्यायला लागल्या.

सव्वीस वर्षांत माझ्या हातून खूप गोष्टी झाल्या असतील, पण चुकीच्या नावापुढं चुकीची नोंद मी कधी होऊ दिली नाही. माईक अजून माझ्याच हातात होता. मी म्हणालो, "मॅडम, ते लिहू नका. ती हळू नाही. लाल आणि पिवळा ट्रे ती दोन मिनिटांत सोडते, मी मोजलंय. अकरा मिनिटं लागतात ती निळ्याला, कारण निळ्यात चुका असतात. पडद्यावरचा शून्य खोटा आहे. तीन आठवड्यांत नऊ. नऊही निळ्या. निळा चिमटा माझा." आणि चिमटा वर करून दाखवला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बक्षीस स्वयंपाकघराला मिळालं.

बाहेर मॅडम भेटल्या. "आप्पा, मला आधी सांगायचं होतं."

"आधी मला कुठं माहीत होतं?"

त्यांनी एप्रिलबद्दल काही सांगितलं नाही. मी विचारलं नाही. येताना बसमध्ये शिल्पा खिडकीला डोकं लावून झोपली. शहेबाज म्हणाला, "आप्पा, स्वयंपाकघरवाल्यांनी काय केलं माहितीय का? चपात्या मोजल्या." मला हसू आलं. अहमदपूरच्या पुढं बेगमबीही हसली.


१९ फेब्रुवारी, बुधवार

उज्वला घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा पिकलेला. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षांमागं यायला पाहिजे होतं. उजव्याचं ऑपरेशन दहा मार्चला. चष्मा सध्या पुरेसा नाही. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं, मी न वाचताच त्याचं नाव सांगितलं आणि ते चकित झाले. मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवतो.


२० फेब्रुवारी, गुरुवार

भरणीवर उभा होतो. एप्रिलपर्यंत तरी जागा माझीच आहे, असं मॅडमनी कळवलं. पुढचं विश्वस्त ठरवतील. गोदामात खिडकी नाही, एवढं मला ठाऊक आहे.

पुरुष वॉर्डाचा कागद आला. तेवीस औषधं. शहेबाजनं मोठ्यानं वाचला आणि मी भरत गेलो. फळीपाशी हात जातो, पट्टी उचलतो, तिथंच अडतो. तरी भरला. निळा चिमटा लावला. शिल्पाच्या टेबलावर ठेवला आणि नेहमीप्रमाणे मागं फिरलो नाही. स्टूल ओढून समोर बसलो.

ती म्हणाली, "तुम्ही जा आप्पा, मी बघते."

मी म्हणालो, "माझ्यासमोर उघड. आणि मोठ्यानं वाच."

शहेबाज हातातलं काम थांबवून बघत होता. बेगमबी दारात ट्रेसाठी थांबली होती. शिल्पानं चिमटा काढला, झाकण काढलं, आणि पट्ट्या एकेक उचलून नाव आणि आकडा वाचायला लागली. मी कागद न बघता हं, हं म्हणत गेलो. बरोबर. बरोबर. मागणी मला पाठ झाली होती. एकोणीस औषधं बरोबर निघाली. माझी मान ताठ व्हायला लागली होती.

विसाव्याला ती थांबली.

"किती?" मी विचारलं.

"पन्नास, आप्पा."

"आणि मागणी?"

"पंचवीस."

पुढची तीन बरोबर निघाली. पट्टी बदलून दिली. मी म्हणालो, चिठ्ठी दे. तिनं पॅड पुढं केलं आणि पेन उघडलं. ते मी तिच्या हातातून घेतलं.

औषधाचं नाव लिहिलं, पन्नास लिहिलं, पंचवीस लिहिलं. मला दिसेल अशा बेतानं लिहिलं, तर तेवढ्यानंच चिठ्ठी भरली. रंगाला जागा राहिली नाही. ती उलटी केली आणि मागं निळा लिहिलं. नियमात नाव नाही, पण बिनसहीचा कागद मला अजूनही पटत नाही. खाली वीरभद्र लिहिलं.

पेटीचं तोंड बोटानं शोधलं आणि चिठ्ठी आत टाकली. मग करदोड्याची किल्ली सोडून शिल्पापुढं ठेवली आणि बेगमबीला म्हणालो, "ट्रे घे. तेरा मिनिटं झाली."